१७.६५ टक्क्यांची गोष्ट

क्रिएटिव्ह एजन्सींसाठी बनवलेलं जॉब ट्रॅकिंग आणि बिलिंगचं कुठलंही सॉफ्टवेअर उघडा. त्यात चार गोष्टी बहुतेक वेळा सापडतातच. एक, प्रत्येक कामाला जॉब नंबर. दोन, काम सुरू होण्याआधी क्लायंटकडून मंजूर करून घ्यायचं एस्टिमेट. तीन, टाइमशीट, आणि त्यात प्रत्येक तासापुढे 'बिलेबल' की 'नॉन-बिलेबल' अशी खूण. आणि चार, बाहेरून करून घेतलेल्या कामावर (छपाई, फोटोग्राफी वगैरे) चढवायचा मार्कअप. या मार्कअपच्या रकान्यात बऱ्याचदा एक विचित्र आकडा भेटतो: १७.६५ टक्के.

आता आपण प्रोग्रामर मंडळी कोडमध्ये असा आकडा दिसला की लगेच कान टवकारतो. १५ समजू शकतो, २० समजू शकतो. पण १७.६५? हा कुणी ठरवला? कधी? आणि कुणीच बदलला कसा नाही?

सध्या अशाच एका सॉफ्टवेअरशी माझी ओळख चालू आहे. मॅन्युअल वाचून बटणं कळतात, कारणं कळत नाहीत. म्हणून हा शनिवार-रविवार कारणांच्या मागे. आधीच सांगतो, या चार रकान्यांपैकी एकही काँप्युटरच्या जमान्यातला नाही. प्रत्येक रकाना म्हणजे कुणीतरी कुणाशी तरी केलेला जुना व्यवहार आहे, आणि टाइमशीट तर जाहिरातवाल्यांचं मूळ अपत्यच नव्हे. ते दुसऱ्याच घरून दत्तक आलेलं आहे.

जॉब नंबरापासून सुरुवात करू.

'जॉब' हा शब्द आला छापखान्यातून. छापखान्यात दोन प्रकारची कामं असत. एक पुस्तकांचं किंवा वर्तमानपत्राचं, म्हणजे मोठं, नियमित, अंदाज बांधता येईल असं. दुसरं फुटकळ: हँडबिलं, लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, लेबलं, व्हिजिटिंग कार्डं. या दुसऱ्या प्रकाराला 'जॉब वर्क' म्हणत. आपल्याकडे गिरगावात किंवा पुण्याच्या पेठांमध्ये ज्यांनी जुने छापखाने पाहिलेत त्यांना हे सांगायला नकोच. एक ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या केसेस, दारावर पाटी आणि पाटीवर 'जॉब वर्क स्वीकारले जाईल'.

पुस्तक छापणाऱ्याला आपला खर्च साधारण ठाऊक असे. जॉबवाल्याची पंचाईत अशी, की प्रत्येक काम वेगळं. आज दोन रंगांचं लेबल, उद्या काळ्या शाईतलं निमंत्रण. गिऱ्हाईक काउंटरवर उभा राहून विचारतो, "किती होतील?" आणि काम करायच्या आधीच आकडा सांगावा लागतो. खातेवही गिऱ्हाइकाच्या नावाने. अमुक शेटजींकडून वर्षभरात किती आले ते त्यात दिसतं, पण त्यांच्या कुठल्या कामात फायदा झाला आणि कुठल्या कामात घरातून पैसे घातले, ते काही दिसत नाही.

अमेरिकेतल्या छापखानेवाल्यांनी १८८७ साली शिकागोत आपली संघटना काढली, युनायटेड टायपोथेटी ऑफ अमेरिका. तिची सततची तक्रार ही, की शेजारचा छापखाना कमी भाव सांगतो म्हणून आपणही सांगतो, आणि दोघेही बुडतो, कारण मुळात काम पडतं कितीला हे दोघांनाही माहीत नसतं. १९०९ साली शिकागोतच छापखानेवाल्यांची खास 'कॉस्ट काँग्रेस' भरली. विषय एकच, एका जॉबचा खरा खर्च काढायचा कसा. पुढे १९१३ साली ब्रिटिश छापखानेवाल्यांनीही अशीच परिषद भरवली. उत्तर सोपं होतं पण कंटाळवाणं: प्रत्येक कामाला नंबर द्या, त्या नंबराचं एक पाकीट करा, कामासोबत ते पाकीट फिरू द्या, आणि खिळे जुळवायला किती वेळ लागला, मशीनवर किती, कागद किती गेला, हे सगळं त्यावर टिपा. काम संपल्यावर बेरीज करा.

आजच्या सॉफ्टवेअरमधला 'जॉब' म्हणजे हेच पाकीट. त्याला स्टेटस आहे, जोडलेल्या फाइली आहेत, खर्चाच्या नोंदी आहेत. डेटाबेसच्या भाषेत बोलायचं तर 'क्लायंट' टेबलाखाली 'जॉब' नावाचं वेगळं टेबल हवं, हा शोध छापखानेवाल्यांनी शंभर वर्षांपूर्वी स्वतःचे पैसे घालवून लावला. :-)

आता दुसरी गोष्ट, तो विचित्र आकडा. त्यासाठी छापखान्यातून निघून वर्तमानपत्राच्या कचेरीत जावं लागेल.

जाहिरात एजन्सी सुरू झाली तेव्हा ती जाहिराती *बनवत* नव्हती. फिलाडेल्फियात १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला व्होल्नी पामर नावाच्या गृहस्थाने एजन्सी काढली. अमेरिकेतली पहिली म्हणून तिचंच नाव घेतात. तो वर्तमानपत्रांतली जागा विकायचा आणि त्याबद्दल वर्तमानपत्राकडून २५ टक्के कमिशन घ्यायचा. म्हणजे तो एजंट होता वर्तमानपत्राचा. जाहिरातदार नुसता गिऱ्हाईक. १८६५ साली जॉर्ज रोवेल याने त्यापुढची पायरी गाठली. वर्तमानपत्रांतली जागा घाऊक विकत घ्यायची आणि किरकोळीत विकायची. शंभर वर्तमानपत्रांत महिनाभर एक इंच जागा, शंभर डॉलरला! रोवेलला ती जागा केवढ्याला पडली, हे जाहिरातदाराला कळायचा मार्गच नव्हता.

या अंधारात दिवा लावला तो फिलाडेल्फियाच्याच एन. डब्ल्यू. आयर अँड सन या एजन्सीने. १८७६ च्या सुमारास त्यांनी 'ओपन कॉन्ट्रॅक्ट' नावाची पद्धत आणली. वर्तमानपत्राचा खरा दर जाहिरातदाराला दाखवायचा, आणि त्यावर ठरलेलं कमिशन घ्यायचं. आधी साडेबारा टक्के, थोड्याच वर्षांत पंधरा. आता एजन्सी जाहिरातदाराच्या बाजूने बोलू लागली, निदान कागदोपत्री तरी. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास १५ टक्के हा अमेरिकेत जवळजवळ धर्मच होऊन बसला.

इथे एक छोटं गणित. जाहिरातीचा दर १,००,००० रुपये. एजन्सी क्लायंटकडून पूर्ण लाख घेते, स्वतःचे १५,००० ठेवते, वर्तमानपत्राला ८५,००० देते. ठीक. पण त्याच क्लायंटसाठी एजन्सीने बाहेरून कॅटलॉग छापून घेतला आणि छापखान्याचं बिल आलं ८५,०००. छापखाना काही कमिशन देत नाही. मग क्लायंटकडून किती घ्यायचे, म्हणजे एजन्सीला तेच पूर्वीचे १५ टक्के पडतील? अर्थात एक लाख. म्हणजे ८५,००० वर १५,०००. पंधरा भागिले पंच्याऐंशी करून बघा: ०.१७६४७...

सापडला आपला आकडा! १७.६५ टक्के म्हणजे वेषांतर केलेले १५ टक्केच. वरून मोजलं तर पंधरा, खालून मोजलं तर साडेसतरा आणि वर थोडे. (दोन दशांशांपर्यंत गोल केल्यामुळे ८५,००० च्या बिलावर अडीच रुपये जास्त लागतात. हिशेब जुळवणाऱ्यांनी ८५,००० ला ०.८५ ने भागावं, १७.६५ ने गुणू नये. रिकन्सिलिएशनमध्ये रात्र घालवलेल्यांना यातली मजा कळेल.)

या पंधरा टक्क्यांमुळे एक फार महत्त्वाची गोष्ट घडली. कॉपी, डिझाइन, कल्पना, हे सगळं *फुकट* झालं. म्हणजे बिलावर त्याची ओळच नसे. क्लायंटने दहा लाखांची जागा घेतली की एजन्सीला दीड लाख मिळाले, मग ती जाहिरात एका दुपारी सुचलेली असो की तीन महिने घासूनपुसून केलेली असो. सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. १९६९ पर्यंत आयबीएम सॉफ्टवेअर वेगळं विकत नसे, मशीनच्या भाड्यातच ते आणि इंजिनिअरची मदत येई. प्रोग्रामरचं काम होतं, पण त्याला किंमत नव्हती, म्हणजे किंमतपट्टीच नव्हती. जाहिरातीतल्या चित्रकाराचं आणि लेखकाचं शंभर वर्षं तेच होतं.

आपल्याकडेही हाच नमुना आला. मुंबईत गिरगावात १९०५ साली बी. दत्ताराम आणि कंपनी सुरू झाली. भारतातल्या अगदी पहिल्या एजन्सींमध्ये तिचं नाव घेतात. १९२९ मध्ये जे. वॉल्टर थॉम्प्सन आली, १९३९ मध्ये लिंटास. १९३९ मध्येच वर्तमानपत्रांची संघटना उभी राहिली, जी आज इंडियन न्यूजपेपर सोसायटी म्हणून ओळखली जाते, आणि १९४५ मध्ये एजन्सींची. वर्तमानपत्रांच्या संघटनेची मान्यता असेल त्या एजन्सीला १५ टक्के कमिशन आणि ठराविक दिवसांची उधारी, अशी घडी बसली. एजन्सीचा सगळा डोलारा त्या मान्यतेवर उभा.

त्या काळात एजन्सीत जॉब नंबर होते, जॉब कार्डं होती, ट्रॅफिक नावाचा विभागही होता. (ट्रॅफिकवाल्याचं काम म्हणजे जॉब कुठे अडकलाय ते शोधत टेबलाटेबलावर फिरणं आणि सगळ्यांच्या शिव्या खाणं. आजच्या प्रोजेक्ट मॅनेजरचे पूर्वज.) पण ही सगळी यंत्रणा *कामाचा* माग ठेवायला होती. आर्टवर्क वेळेत ब्लॉकमेकरकडे गेलं का, प्रूफ मंजूर झालं का, वर्तमानपत्राची वेळ गाठली का. चित्रकाराने किती तास घेतले हे कुणी विचारायचं कारणच नव्हतं. पैसे जागेचे मिळत होते, तासांचे नाहीत.

मग तास आले कुठून? ते आले वकिलांकडून.

तास मोजायचं यंत्र त्याच्या आधीच तयार होतं. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावच्या विलर्ड बंडी या जवाहिऱ्याने १८८८ च्या सुमारास कामगारांच्या येण्याजाण्याची वेळ नोंदवणारं घड्याळ बनवलं. त्याची कंपनी विलीन होत होत १९११ साली ज्या कंपनीत गेली, तिने १९२४ मध्ये नाव बदललं: आयबीएम! पण ही घड्याळं होती कारखान्यातल्या कामगारांसाठी. पांढरपेशा माणूस असं काही करत नसे. वकिलाची फी ठरायची कामाच्या स्वरूपावर, क्लायंटच्या ऐपतीवर, किंवा वकील संघटनेने छापलेल्या दरपत्रकावर.

बॉस्टनचे रेजिनाल्ड हेबर स्मिथ हे तरुण वकील गरिबांसाठी चालणाऱ्या लीगल एड सोसायटीचे प्रमुख होते. पैसा थोडा, अशिलं हजारो. अशा ठिकाणी वेळ कुठे जातो हे कळल्याशिवाय चालणंच शक्य नाही. अमेरिकेत गरिबांना न्याय कसा मिळत नाही यावर १९१९ साली त्यांनी लिहिलेलं पुस्तक फार गाजलं. त्याच वर्षी ते हेल अँड डॉर या फर्मची व्यवस्था बघायला गेले. तिथे त्यांनी प्रत्येक वकिलाला रोजची टाइमशीट भरायला लावली, तासाच्या दहाव्या भागात. म्हणजे सहा मिनिटांचा एक तुकडा. आजही कित्येक सॉफ्टवेअरमध्ये तास ०.१ च्या पटीत भरता येतात, त्याचा माग या माणसापर्यंत जातो.

स्मिथ यांना हवी होती ती *माहिती*. फर्मला आतून कळावं की कुठलं काम परवडतं आणि कुठलं नाही. छापखानेवाल्यांच्या पाकिटासारखंच. १९४० साली त्यांनी ही सगळी पद्धत लेखमाला लिहून देशभरच्या वकिलांपुढे ठेवली. १९५८ मध्ये अमेरिकन बार असोसिएशनने एक पुस्तिका काढली. तिचं म्हणणं, डॉक्टरांच्या मानाने वकिलांची कमाई मागे पडते आहे, तेव्हा वेळ नोंदवा, वर्षाला साधारण १,३०० तास फीचे धरा. आणि १९७५ साली गोल्डफार्ब खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वकील संघटनांची किमान दरपत्रकं बेकायदा ठरवली. दरपत्रक गेलं, मग बिल कशावर करायचं? टाइमशीट तयारच होती. आतल्या माहितीसाठी केलेली नोंद बाहेर विकायचा माल झाली.

आणि जाहिरातवाल्यांचं? त्यांच्याकडेही दरपत्रकच कोसळलं, फक्त कूर्मगतीने. १९५५ साली अमेरिकन सरकारने एजन्सी आणि माध्यमांच्या संघटनांवर खटला भरला. सगळीकडे एकच १५ टक्के कसे, ही तर संगनमताने ठरवलेली किंमत! १९५६ मध्ये एजन्सींच्या संघटनेने समझोता केला आणि हा दर सभासदांवर लादणार नाही असं मान्य केलं. (हा विषय जुना झाला असं समजू नका. एजन्सी आणि माध्यमं संगनमताने दर ठरवतात या आरोपावरून भारतीय स्पर्धा आयोगाने मार्च २०२५ मध्ये बड्या एजन्सींच्या कार्यालयांवर छापे घातले होते.) १९६० मध्ये डेव्हिड ओगिल्व्ही यांनी शेल कंपनीचं काम कमिशनऐवजी ठराविक फीवर घेतलं आणि धंद्यात खळबळ उडाली. त्यांचा मुद्दा बिनतोड होता: जाहिरातीवर कमी खर्च करा असा सल्ला दिला तर एजन्सीची कमाई घटते. मग असा सल्ला ती देईल कशाला?

तरी पंधरा टक्के लगेच मेले नाहीत. ते मेले जागा विकत घेण्याचं काम एजन्सीतून वेगळं निघाल्यावर. १९८० च्या दशकात एजन्सी एकमेकींना गिळू लागल्या. १९८६ मध्ये ऑम्निकॉम झाली, डब्ल्यूपीपीने १९८७ मध्ये थॉम्प्सन आणि १९८९ मध्ये ओगिल्व्ही घेतली. डब्ल्यूपीपीचे मार्टिन सोरेल हे मुळात हिशेबाच्या बाजूचे, साची अँड साचीचे माजी वित्तप्रमुख. १९८८ मध्ये साचीने झेनिथ नावाची फक्त जागा खरेदी करणारी कंपनी काढली. नव्वदीच्या अखेरीस हे लोण भारतातही आलं. मीडियाचं काम एका कंपनीकडे, क्रिएटिव्ह दुसऱ्या. कमिशन गेलं मीडियाबरोबर. १९९९ मध्ये प्रॉक्टर अँड गँबलनेही आपण कमिशनची पद्धत सोडून विक्रीशी बांधलेला मोबदला देणार असं जाहीर केलं.

मागे उरलेल्या क्रिएटिव्ह एजन्सीपुढे पहिल्यांदाच प्रश्न उभा राहिला, की आपण नेमकं विकतो काय? जागा विकत नाही. छापत नाही. उरली माणसं. आणि माणसं विकायची तर एकक लागतं. वकिलांचं एकक तयार होतं, ते उचललं.

सॉफ्टवेअरचा इतिहास याच क्रमाने चालतो. १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये डोनोव्हन डेटा सिस्टिम्स सुरू झाली, मेनफ्रेमवर एजन्सींचे हिशेब ठेवणारी. ती माध्यमांतली खरेदी आणि तिची बिलं सांभाळायची, कारण पैसा तिथे होता. १९८६ च्या सुमारास मॅकिंटॉशवर क्लायंट्स अँड प्रॉफिट्ससारखी पॅकेजं आली. त्यांत जॉब होता, एस्टिमेट होतं, टाइमशीट होती. ज्या मशीनवर डिझाइन होत होतं, त्याच मशीनवर आता डिझायनरचे तास नोंदले जाऊ लागले.

आणि मग आपल्या पिढीची साधनं. ही सगळी छोट्या स्टुडिओंनी स्वतःच्या गरजेपोटी बनवली हे विशेष. टोरांटोतल्या माइक मॅकडरमेंट यांच्या हातून वर्डमध्ये नवं बिल करताना जुनं पुसलं गेलं, आणि त्या वैतागातून २००३ मध्ये फ्रेशबुक्सचा जन्म झाला. शिकागोतली ३७सिग्नल्स ही वेब डिझाइन करणारी कंपनी. क्लायंटची कामं सांभाळायला त्यांनी एक साधन लिहिलं, तेच २००४ चं बेसकँप. आणि त्या कोडमधून वेगळी काढलेली चौकट म्हणजे रूबी ऑन रेल्स! म्हणजे आपल्यापैकी अनेकांनी ज्या फ्रेमवर्कवर पोट भरलं, ते एका डिझाइन एजन्सीच्या जॉब ट्रॅकिंगमधून निघालेलं आहे. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका स्टुडिओतून हार्वेस्ट आलं, थेट टाइमशीट आणि बिल. २०२० मध्ये तर अडोबीने वर्कफ्रंट ही कामाचा माग ठेवणारी कंपनी दीड अब्ज डॉलरला घेतली. चित्र काढायचं साधन विकणाऱ्याला चित्रकाराच्या वेळापत्रकाची किंमत एवढी वाटली.

असो. इतिहास झाला. आता या रकान्यांमध्ये आज कोण अडकतं ते बघू.

एक काल्पनिक उदाहरण घ्या. एका डिझायनरचा पगार महिना ६०,०००, म्हणजे वर्षाला ७ लाख २० हजार. जागेचं भाडं, लायसन्सेस, अकाउंट्सवाले, चहा, हे सगळं मिळून पगाराएवढंच धरू. झाले १४ लाख ४० हजार. विक्रीच्या किमतीत २० टक्के नफा हवा, म्हणजे १८ लाख. वर्षात तिचे बिलेबल तास १,५०० धरले तर दर आला तासाला १,२०० रुपये. सॉफ्टवेअरमध्ये तिच्या नावापुढे हाच आकडा बसतो.

आता तिने एक लोगो २० तासांत केला तर बिल २४,०००. पाच वर्षांनी हात बसल्यावर तसाच लोगो ८ तासांत झाला, तर पगारवाढ धरून दर दीडपट केला तरी बिल १४,४००. काम तेच, कदाचित सरसच, पण किंमत उतरली. पंधरा टक्क्यांच्या पद्धतीत डिझाइन फुकट होतं. तासांच्या पद्धतीत *अनुभव* फुकट झाला.

याची दुसरी बाजू जास्त त्रासदायक आहे. शुक्रवारी संध्याकाळी टाइमशीट भरायची वेळ येते. काम मंजूर झालंय २० तासांचं, प्रत्यक्षात लागले ३४. कुणी थेट सांगत नाही, पण सगळ्यांना कळतं की २० च लिहायचे. जॉब हिरवा दिसतो, मॅनेजर खूश. मात्र पुढच्या वेळी असंच काम आलं की एस्टिमेट करणारा जुन्या जॉबचा रिपोर्ट उघडतो. त्याला दिसतं २०. ते १४ तास, म्हणजे कुणाचा तरी शनिवार, डेटाबेसमध्ये कुठेच नाहीत. त्यामुळे पुढचा शनिवारही ठरलेला. सॉफ्टवेअर इथे खोटं बोलत नाही, त्याला सांगितलेलं खोटं ते नेमकं लक्षात ठेवतं. आयटी सर्व्हिसेसमध्ये 'टाइम अँड मटेरियल'वर काम केलेल्यांनी मान डोलवायला हरकत नाही.

आणि 'नॉन-बिलेबल'चा रकाना. अरुण कोलटकर आपल्याला कवी म्हणून माहीत, पण त्यांची कमाई मुंबईच्या जाहिरात जगात ग्राफिक डिझायनर म्हणून होती, आणि त्या क्षेत्रातला कॅगचा पुरस्कार त्यांनी सहा वेळा मिळवला. काळा घोड्याजवळच्या वेसाइड इनमध्ये बसून ते रस्ता बघत. तो वेळ कुठल्या जॉब नंबराखाली टाकायचा? कवितेचं सोडा, पण डिझायनरच्या नजरेला धार तिथेच लागत असणार. वकिलाच्या टाइमशीटला हा प्रश्न फारसा पडत नाही. चित्रकाराच्या टाइमशीटला पडतो, आणि तिच्याकडे उत्तर नाही.

याचा अर्थ तास मोजूच नयेत असं मी म्हणत नाही. छापखानेवाल्यांचं आणि स्मिथसाहेबांचं बरोबरच होतं. मोजलं नाही तर कुठल्या कामात बुडतोय हे कळत नाही. गोंधळ होतो तो एकाच आकड्याकडून दोन कामं करून घेतल्यामुळे. आतली माहितीही तीच आणि क्लायंटला विकायची किंमतही तीच. ज्या आकड्यावर बिल निघणार, तो आकडा प्रामाणिक राहणं कठीण. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आहे. फिक्स्ड फी लावा, आणि तास फक्त आतल्या रिपोर्टसाठी घ्या. मग ३४ ला ३४ लिहिता येतात. नव्या एजन्सीत सॉफ्टवेअर बसवताना ही एक सेटिंग पहिल्या दिवशी ठरवावी, बाकी रंगबिरंगी डॅशबोर्ड नंतर बघता येतात.

हे ठरवायची घाई आता जास्त आहे. चित्र आणि मजकूर बनवणारी एआयची साधनं हाती आल्यापासून २० तासांचं काम २ तासांत होऊ लागलंय, निदान क्लायंटचा तसा समज तरी झालाय. तासावर बिल करणाऱ्याला हा समज खोडून काढायला जागाच नाही, कारण आपण तास विकतो हे त्यानेच लिहून दिलेलं आहे. १९९० च्या दशकात कमिशन गेलं तेव्हा एजन्सींनी घाईघाईत शेजारच्या धंद्याचं एकक उचललं, आपलं स्वतःचं शोधलं नाही. आता तेही जायच्या बेतात आहे. या वेळी एकक ठरवताना टेबलाशी डिझायनर आणि प्रोग्रामर बसलेले असतील तर बरं, फक्त हिशेबवाले नकोत.

तूर्तास इतकंच. तुमच्या टाइमशीटमध्ये तासाचा सगळ्यात छोटा तुकडा किती मिनिटांचा आहे ते एकदा बघा. सहाचा असेल तर बॉस्टनच्या वकिलाला नमस्कार सांगा. :-)